कोजागिरीची फेकाफेक

दर वेळी आम्ही या कार्यक्रमात बचतीचा हप्ता, कर्जाची परतफेड नाहीतर बँकेची केवायसी घेऊन येतो आणि तुम्ही भाजी निवडत निवडत ऐकता. आज हिशेबाला सुट्टी. गेल्या कोजागिरीच्या रात्री आम्ही भिवंडीत काय काय फेकलं आणि ते कुठे जाऊन पडलं, तेवढंच आज सांगायचं आहे.

आम्ही म्हणजे आमच्या वस्तीतले सात बचत गट. आमच्यात मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणाऱ्या सगळ्या आहेत. कुणी घरी बसून लूमच्या कांड्या भरते, कुणी माणकोलीच्या गोदामात खोकी बांधते, कुणी मासळीची पाटी घेऊन बसते. बैठकीला उशिरा येणारीला आमच्याकडे दहा रुपये दंड आहे. वर्षाचा दंड मोजला तर निघाले एक हजार आठशे साठ रुपये. म्हणजे एकशे शहाऐंशी वेळा आमच्यापैकी कुणी ना कुणी उशिरा आलं होतं, आणि त्यात वह्या सांभाळणाऱ्या आम्हीही होतो. या पैशांचं काय करायचं? कर्जात घालावे तर उशिराचे पैसे व्याजाने फिरवल्यासारखं वाटत होतं. शेवटी ठरलं, कोजागिरीचं दूध करू आणि खेळ घेऊ. एकीने विचारलंच, "पंचसूत्रीत खेळ कुठे बसतो?" नाही बसत. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब, झाली पाच सूत्रं. पण दूधही कुठे बसतं त्यात?

आता खेळ म्हटला की बायकांच्या वाट्याला काय येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. दर ८ मार्चला आम्ही तेच खेळतो. शाळेतही तेच होतं. मुलगे गोळा उचलायला जायचे आणि आम्ही चमचा दातात धरून लिंबू सांभाळत चालायचो. पडू द्यायचं नाही, सांडू द्यायचं नाही, हळू जायचं. यावेळी गोदामात काम करणारी आमची एक मुलगी म्हणाली, "ताई, सांभाळायचे खेळ पुरे झाले. काहीतरी फेकू या."

लगेच फळा लिहिला : 'महिलांसाठी फेक स्पर्धा'. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या पोराने त्याखाली खडूने लिहून ठेवलं, "म्हणजे खरी नाही का?" घराघरातून पुरुष मंडळींचे टोमणे आले ते वेगळेच. बायकांना फेकायची प्रॅक्टिस लागत नाही म्हणे! आम्ही म्हटलं, फुशारकीत पहिला नंबर तुमचाच राहू द्या, आम्हाला गोळ्याचं बघू द्या.

पण बैठकीत एक आजी गप्प होत्या. त्या आमच्या सगळ्यात जुन्या सभासद. शेवटी म्हणाल्या, "दूध करा, गाणी म्हणा. फेकाफेकी नको बायांनो. या गावात फेकाफेकी पुष्कळ झाली."

आमच्यातल्या तरुण पोरींना पटकन कळलं नाही. ज्यांना कळलं त्या खाली बघू लागल्या. भिवंडीत मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये दंगल झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांच्या कानात 'फेक' हा शब्द 'दगड' या शब्दाला चिकटूनच येतो. आजींनी ८४ साली मुलांना पलंगाखाली झोपवलं होतं आणि पत्र्यावर पडणारे दगड मोजत रात्र काढली होती. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी गावात मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सगळ्या समाजांची माणसं एका सतरंजीवर बसवली, आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे, भाषणात सांगतोही. पण फळ्यावर तो शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिताना आमच्या डोक्यात आलं नाही, हे खरं.

मग काय करायचं? कार्यक्रम रद्द करा, असं काही आजी म्हणाल्या नव्हत्या. पलीकडच्या गल्लीतल्या खाला, त्याही आजींच्याच वयाच्या, त्यांच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "आपा, सबके सामने फेकेंगे ना. नाप के." म्हणजे सगळ्यांच्या समोर, मोजून मापून. आजी हसल्या नाहीत, पण "बघू" म्हणाल्या. आमच्या बैठकीत आजींचं "बघू" म्हणजे ठराव मंजूर. फळ्यावरचा शब्द मात्र आम्ही बदलला आणि 'गोळाफेक व इतर गमती' असं लिहिलं.

मैदान पोरांचं, म्हणजे क्रिकेटवाल्यांचं. त्यांनी एका अटीवर दिलं, दूध त्यांनाही हवं. गोळे एका शाळेकडून मागून आणले, एक चार किलोचा आणि एक तीन किलोचा. बायकांच्या मोठ्या स्पर्धांत गोळा चार किलोचाच असतो, पुरुषांचा सव्वासातपेक्षा थोडा जास्त. चार किलो ऐकून आधी सगळ्या घाबरल्या. मग मासळीवाल्या मावशींनी तो एका हातात घेऊन तोलला आणि म्हणाल्या, "हा तर एक बरा रावस झाला."

शाळेच्या खेळाच्या बाई दोन संध्याकाळी शिकवायला आल्या. त्यांनी पहिलंच वाक्य असं सांगितलं की आमचं सगळं गणितच बदललं. म्हणाल्या, "गोळाफेक नाव आहे, पण गोळा फेकायचा नसतो. ढकलायचा असतो." चेंडूसारखा हात मागे नेऊन भिरकावला तर फाऊल, आणि खांदा जातो तो वेगळा. गोळा बोटांच्या मुळाशी धरायचा, जबड्याखाली मानेला टेकवायचा, कोपर वर. मग गुडघे वाकवून खालून जोर आणायचा, पाय, मग कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. आम्ही म्हटलं, बाई, हे तर भरलेला हंडा जमिनीवरून डोक्यावर घेण्यासारखंच झालं. हंडा कुणी नुसत्या हाताने उचलतं का? गुडघ्यातूनच उचलतो. "तेच तर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला अर्धं येतंच. फक्त शेवटी सोडून द्यायचं." हे सोडून देणंच अवघड गेलं. पहिल्या दिवशी निम्म्या बायका गोळा पुढे न्यायच्या आणि हातातच ठेवायच्या. कुणाला लागेल म्हणून भीती.

वर्तुळ आखायची पद्धत सांगतो, कुणाला घ्यायची असेल स्पर्धा तर उपयोगी पडेल. गोळ्याचं वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं असतं. १ मीटर ७ सेंटिमीटरची दोरी खिळ्याला बांधून फिरवली की झालं. आम्ही चुन्याने फिरवली, वर रांगोळी. गोळा पडायची जागा निमुळती असते, त्याचा कोन पुस्तकात ३४.९२ अंश लिहिलाय. तो कंपासपेटीने मैदानावर कसा मोजायचा? बाईंनी सोपी युक्ती दिली. वर्तुळाच्या मध्यापासून दोन्ही रेषा दहा-दहा मीटर न्यायच्या आणि टोकाला त्यांच्यात सहा मीटर अंतर ठेवायचं. कोन आपोआप बरोबर येतो. आमच्यातली नववी नापास मुलगी हे करून बघून इतकी खूश झाली की तिने तीनदा आखून दाखवलं. मोजताना टेप गोळ्याच्या सगळ्यात जवळच्या खुणेपासून वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत धरायची. आणि फेकून झालं की मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं. पुढून आलात तर गोळा कितीही लांब गेलेला असो, बाद.

अजून एक नियम आम्ही स्वतः घातला, पण त्याला आधार आहे बरं का. कांड्या भरणाऱ्या बायकांचा एकच हात दिवसभर चालतो आणि तोच खांदा दुखतो. एकाच हातावर स्पर्धा घेतली तर त्यांनी काय करायचं? तेव्हा बाईंनी सांगितलं की १९२२ साली पॅरिसला बायकांनी स्वतःचे जागतिक खेळ भरवले होते, कारण ऑलिंपिकमध्ये त्यांना धावा-फेकायला घेतच नव्हते. त्या खेळांत गोळा आणि भाला उजव्या हाताने एकदा, डाव्या हाताने एकदा फेकायचा आणि दोन्हींची बेरीज धरायची. ऑलिंपिकमध्ये बायकांना थाळीफेक १९२८ ला मिळाली, भालाफेक १९३२ ला, गोळाफेक १९४८ ला आणि हातोडाफेक तर थेट २००० साली. म्हटलं, मग आम्हीही बेरीजच धरू. बेरीज आमच्या सवयीची.

कोजागिरीच्या दिवशी चार वाजता आम्ही मैदानावर गेलो तर आजी आधीच तिथे. नातवाला घेऊन आल्या होत्या. वाकून वाकून मैदानातले दगड वेचत होत्या, खडी, विटांचे तुकडे, जे हाताला येईल ते. खाला सिमेंटच्या रिकाम्या गोणीचं तोंड उघडं धरून मागे मागे चालत होत्या. आम्ही म्हटलं, आजी, कशाला एवढा त्रास, पोरं करतील. त्या म्हणाल्या, "बायका अनवाणी पळतील. टोचेल कुणाला." आणि पुन्हा वाकल्या. अंधार पडेपर्यंत दोघींनी गोणी गळ्यापर्यंत भरली. ती ओढून कुंपणाशी न्यायला तीन पोरं लागली.

चंद्र वर आला तेव्हा मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, चारोळी, जायफळ, केशराच्या नावाखाली थोडी हळद. दीडशे बायका तरी असतील. काहींना घरून साडेनऊपर्यंतचीच परवानगी होती, म्हणून गमती आधी घेतल्या.

थाळीफेक खरी घ्यायची नव्हती. थाळी एक किलोची असली तरी कुठेही सुटते, म्हणून तिला तीन बाजूंनी जाळी लागते. आमच्याकडे जाळी कुठली? म्हणून दोन कागदी पत्रावळी एकमेकींवर चिकटवून फेकायच्या ठरवल्या. पत्रावळ पुढे जातच नाही, मैत्रिणींनो! वर जाते, विचार करते आणि मागे येते. एकीची स्वतःच्या सासूच्या मांडीत पडली. सासूबाई म्हणाल्या, "वाढ मग आता." एकीची दुधाच्या पातेल्यावर झाकणासारखी बसली, तिला आम्ही उत्तेजनार्थ दिलं.

भालाफेक खराट्याने. भाल्याचं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे हा खरा नियम आम्ही ठेवला आणि तिथेच फसलो, कारण खराट्याचं टोक कुठलं यावर वाद झाला. काड्यांची बाजू की बांधलेली? नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकला, म्हणजे नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरली तर साडेदहाच्या वर. आमचा सगळ्यात लांब खराटा दीड लुगड्यावर पडला, तोही काड्यांच्या बाजूने. पंचांनी मान्य केला, कारण पंच आम्हीच.

मध्ये पुरुषांसाठी लिंबू-चमचा ठेवला होता. ते दृश्य रेडिओवर सांगून कळायचं नाही. टोमणे मारणारे सगळे चमचा दातात धरून उभे, डोळे तिरळे, आणि आजूबाजूने त्यांच्या बायका, "हळू! सांडेल!" सोळा जणांतून दोघे पोचले. एकजण लिंबाला थुंकी लावून आलेला, तो बाद.

मग गोळा. आम्ही वर्तुळापुढे एक जुनी सहावारी लांब अंथरली होती, साधारण साडेपाच मीटर. ज्यांचा गोळा पदरापार जाईल त्यांच्यासाठी टाळ्या. पहिल्या दहा जणींचे साडीच्या निऱ्यांतच पडले. पण गंमत अशी की सोडून द्यायची भीती एकदा गेली की पुढचा हात मीटरभर लांब जातो. गोदामातली आमची मुलगी, दिवसभर खोकी उचलणारी, तिने उजव्या हाताने ६.३० टाकला. पदराच्या पार! ओरडाआरड काय विचारता. पण डाव्या हाताने गेला २.९०, जवळजवळ स्वतःच्याच पायावर. बेरीज ९.२०. अक्का शांतपणे आल्या, लूमवरच्या नवऱ्याचा डबा भरून आल्या होत्या. उजवा ५.६०, डावा ४.५५. बेरीज १०.१५. आणि मासळीवाल्या मावशी, उजवा ५.८५, डावा ४.४०, १०.२५. दहा सेंटिमीटरने पहिल्या! अक्कांनी टेप पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली. खालांचं "नाप के" म्हणणं तेव्हा कळलं, कारण तीनदा मोजल्यावर अक्का स्वतःच जाऊन मावशींच्या गळ्यात पडल्या. बायकांचा जागतिक विक्रम २२.६३ मीटरचा आहे, १९८७ साली नतालिया लिसोव्स्कायाने केलेला आणि अजून कुणी मोडलेला नाही. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "तिची बेरीज किती?"

दहा वाजले, माईक बंद केला. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नाही, हा कायदा आम्ही इतरांना ऐकवतो तर स्वतः पाळायला हवा. पण आमच्या बायका लूमच्या शेजारी वाढलेल्या. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, त्या खडखडाटावरून बोलायची आम्हाला सवय. माईक गेल्याचं कुणाला कळलंच नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आमच्या चुकीची आहे. आमच्या एका ताईंना लहानपणी पोलिओ झाला, कुबडी घेऊन चालतात. अक्षर मोत्यासारखं. म्हणून आम्ही त्यांना टेबलावर बसवलं, आकडे लिहायला. न विचारता. दर कार्यक्रमात असंच करतो. सगळं संपलं, बक्षिसाच्या ताटल्या काढल्या, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "सगळ्यांचं लिहून झालं. माझं नाव कुठे लिहू?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो, तुम्हाला उभं राहून कसं, वगैरे. त्यांनी सरळ ऐकवलं, "बसून फेकतात. दीपा मलिकने रिओला २०१६ साली बसून ४.६१ टाकला आणि रौप्यपदक आणलं. आपल्या नांदेडची भाग्यश्री जाधव बसूनच गोळा फेकते, २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये देशाचा झेंडा तिच्या हातात होता. तुम्ही मोबाइलवर काय बघता?" सांगलीकडच्या सचिन खिलारीने त्याच पॅरिसमध्ये १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं, तेही त्यांनीच सांगितलं. एका हाताच्या दोषावर मात करून, उभ्याने. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

खुर्ची आणली तर ती प्लॅस्टिकची. जोर लावला की मागे कलंडणार. खऱ्या स्पर्धेत ती जमिनीला पट्ट्यांनी पक्की बांधलेली असते. शाळेचा लोखंडी स्टूल होता, तोही हलका. पोरं म्हणाली, आम्ही धरतो. ताई म्हणाल्या, "कुणी धरायचं नाही." तेवढ्यात आजींनी कुंपणाकडे बोट केलं. "ती गोणी आणा."

दगडांची गोणी स्टूलाच्या आडव्या दांडीवर ठेवली, दोरीने करकचून बांधली. हलवून बघितलं, हलेना. खालांनी स्टूलावर आपली ओढणी घडी करून घातली. ताईंनी तीन किलोचा गोळा मानेला लावला. पहिला बाद! त्यांनीच सांगितलं, "माझी बैठक सुटली, हात सुटायच्या आधी उठले मी. लिहा फाऊल." दुसरा, ३.१५. डाव्या हाताने २.८०. बेरीज ५.९५. त्यांनी आकडा आमच्याकडून लिहून घेतला, मग वही ओढून घेतली, कारण आमचं अक्षर त्यांना आवडलं नाही.

पुढच्या वर्षी बसून फेकणाऱ्यांची वेगळी फेरी आहे. आतापर्यंत चार नावं आलीत, त्यात एक आजींचं आहे. उभं राहून गुडघे दुखतात म्हणे. तुमच्या गटातून कुणी येणार असेल तर महिन्याच्या बैठकीत नाव द्या, आणि खांदा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून या. बसायला भक्कम लोखंडी खुर्ची कुणाकडे असेल तर तीही हवी आहे.

गोळे दुसऱ्या दिवशी धुऊन शाळेला परत केले. दगडांची गोणी मात्र परत कुठे ओतायची, यावर आजींनी मैदान, रस्ता, नाल्याची कडा, सगळ्याला नाही म्हटलं. ती आता आमच्या कार्यालयाच्या दारात आहे. वाऱ्याने दार आपटायचं, त्याला लावून ठेवलीय.